जुन्या ग्रांप्री गाडीत पहिल्यांदा बसण्यापूर्वी

साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाची चढण सुरू होण्याआधी, माझे छोटे गॅरेज आहे. आषाढात कामे थंडावतात, तेव्हा कोणी ना कोणी तरुण चहापुरता थांबतो, भिंतीवरच्या फोटोतली निळी गाडी पाहतो आणि ती चालवायची असेल तर काय करावे लागते असे विचारतो. ती गाडी म्हणजे बुगाटी टाइप ३५ ही जुनी फ्रेंच रेसिंग गाडी आहे. ती माझी नाही, आणि मी ती शर्यतीत चालवलेलीही नाही. तिची चाके मात्र असंख्य वेळा काढून बसवली आहेत. सहा उन्हाळे मी इंग्लंडमध्ये जुन्या रेसिंग गाड्या शर्यतीसाठी तयार करून देणाऱ्या एका कार्यशाळेत राबलो, आणि शेवटच्या दोन वर्षांत तिथल्या मालकांनी १९३०च्या दशकातल्या एका वेगळ्या, एकआसनी गाडीत मला प्रत्यक्ष शर्यतीला बसवले. विचारणाऱ्याला चहा संपेपर्यंत जे सांगता येते ते अपुरे पडते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आजच्या गाडीत सिंक्रोमेश (गिअर बदलताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी रचना), एबीएस (चाके जाम होऊ न देणारा ब्रेक) आणि संगणक जी कामे न सांगता उरकतात, ती सगळी या गाड्यांत आपल्या दोन हातांना आणि दोन पायांना करावी लागतात, आणि तीही गाडीला न दुखवता, कारण मोडलेला भाग दुकानात मिळत नाही, तो नव्याने घडवावा लागतो. घाटातून जुनी जीप किंवा एसटी चालवलेल्या माणसाला यातले निम्मे आधीच येत असते. उरलेले निम्मे घरच्या पडवीत बसून शिकता येते, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

कुठे आणि कोणत्या शर्यती

या शर्यती म्हणजे मिरवणूक नव्हे. आपल्याकडच्या व्हिंटेज रॅलीत गाड्या सजून येतात, शहरातून संथ फेरी मारतात आणि बक्षीस बहुधा मूळ रूप जपल्याबद्दल मिळते. इथे मात्र घड्याळ लावलेला सराव होतो, सुरुवातीच्या रांगेतली जागा वेळेवरून ठरते आणि झेंडा पडला की खरीखुरी शर्यत होते. इंग्लंडमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ साली स्थापन झाला आणि तो आजही सिल्व्हरस्टोनसारख्या सर्किटवर युद्धपूर्व, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, गाड्यांच्या शर्यती भरवतो. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर १९७३ पासून ओल्डटाइमर ग्रांप्री होते, मोनॅकोच्या रस्त्यांवरची ऐतिहासिक ग्रांप्री १९९७ साली सुरू झाली, आणि गुडवुडचा सप्टेंबरातला रिव्हायव्हल मेळा १९९८ पासून भरतो. नवख्याने मोनॅकोचे नाव काढू नये. तिथे कठडे रस्त्याला चिकटून आहेत आणि चूक सुधारायला गवताची एक वीतही नाही. सिल्व्हरस्टोन हा मुळात युद्धकाळातला विमानतळ असल्यामुळे सपाट, रुंद आणि क्षमाशील आहे. पहिला धडा तिथे घ्यावा.

आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरणाऱ्या गाडीकडे एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट असावा लागतो. एफआयएच्या नियमावलीतील अपेंडिक्स के या भागात गाड्यांचे कालखंड ठरवून दिले आहेत. १९१९ ते १९३० हा सी कालखंड आणि १९३१ ते १९४६ हा डी. त्या कालखंडात जे नव्हते ते गाडीवर चालत नाही, म्हणून आपल्या सोयीसाठी एखादा ब्रेक बदलू म्हणण्याची मुभा मालकालाही नसते.

कागदपत्रे आणि करार

भारतात मोटर स्पोर्टचे परवाने फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संस्था देते. योग्य श्रेणीचा परवाना, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि परदेशातल्या शर्यतीत उतरण्यास या संस्थेची परवानगी हे तिन्ही कागद हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. परवान्यासाठी ट्रॅकवर शिकणे आणि शर्यतींचा काही अनुभव आवश्यक असतो, आणि त्यासाठी चेन्नईजवळचा मद्रास मोटर रेस ट्रॅक (आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट) किंवा कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे गाठावी लागते. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने केरळमार्गे कोइंबतूरला जाता येते, एवढा दिलासा आहे.

गाडी बहुधा भाड्याने किंवा मालकाच्या मर्जीने मिळते. दोन्ही बाबतींत करार लेखी असावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: इंजिनाची आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) मर्यादा किती, अपघातात गाडीचे नुकसान झाले तर भरपाई कोणाची, आणि अपघात न होता एखादा भाग आपोआप मोडला तर खर्च कोणाचा. तिसऱ्या मुद्द्यावर मी पोळलो आहे. एका गाडीचा तिसरा गिअर सरावाच्या दुसऱ्याच फेरीत तुटला. दाताच्या मुळाशी जुनी चीर होती हे तुकड्यावर डोळ्यांनी दिसत होते, कारण चिरेचा भाग काळा आणि नवा तुटलेला भाग चकचकीत होता. तरीही सगळे तोंडी ठरले असल्यामुळे निम्मे बिल माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून कागदावर सही झाल्याशिवाय मी गाडीत पाय टाकत नाही.

गाडी कोणती घ्यावी

निवडीला वाव असेल तर इंजिन पुढे असलेली आणि अरुंद टायरची गाडी घ्यावी. बुगाटी टाइप ३५ ही १९२४ साली ल्यों येथील फ्रेंच ग्रांप्रीत प्रथम उतरली. १९९१ सीसीचे आठ सिलिंडरांचे इंजिन, ॲल्युमिनियमची चाके, चाकातच ओतलेले ब्रेकचे ड्रम, आणि ते ओढायला केबल. तिचा क्लच अनेक पात्यांचा आहे आणि तो तेलात बुडालेला असतो. त्या तेलात रॉकेल मिसळावे लागते, नाहीतर सकाळी थंडीत पाती एकमेकांना चिकटतात आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. हे मिश्रण मी पहिल्यांदा ढवळले तेव्हा घरची स्टोव्ह पेटवण्याची बाटली आठवली. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि रोलरवर फिरतो. तो अप्रतिम आहे आणि तितकाच महाग आहे, त्यामुळे आरपीएमची मर्यादा ओलांडणे म्हणजे कोणाची तरी जमीन विकायला काढणे होय.

ईआरए या इंग्रजी गाडीत प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स असतो. त्यात पुढचा गिअर दांड्याने आधी निवडून ठेवायचा, आणि हवा त्या क्षणी डावे पेडल दाबून सोडायचे, की गिअर पडतो. हे सोपे वाटते, पण काय निवडून ठेवले आहे ते विसरले तर वळणाच्या तोंडाशी भलताच गिअर पडतो. १९५४ची मॅसेराटी २५०एफ, जिच्यात अर्जेंटिनाचा चालक फँजिओ याने १९५७ची जर्मन ग्रांप्री जिंकली, ही माझ्या मते सगळ्यांत सुंदर गाडी आहे, परंतु अडीच लिटरचे ते इंजिन नवख्याच्या हातात कोणी देणार नाही आणि देऊही नये. कूपर या इंग्रजी कंपनीने इंजिन मागे नेले आणि १९५९ साली जॅक ब्रॅबम त्याच गाडीत विश्वविजेता झाला; त्यानंतरच्या गाड्या वेगळ्याच जातीच्या आहेत, त्या चटकन वळतात आणि चटकन फिरूनही जातात. १९६७ नंतरच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाच्या गाड्यांबद्दल मी इथे काहीच सांगणार नाही, कारण त्या मी फक्त धक्का मारून ट्रेलरवर चढवल्या आहेत.

पडवीतला सराव

आता मुख्य भाग. युद्धपूर्व आणि १९५०च्या दशकातल्या अनेक रेसिंग गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध असतो आणि ब्रेक उजवीकडे. हे वाचताना किरकोळ वाटते. मलाही वाटले होते. सिल्व्हरस्टोनच्या २.६४ किलोमीटरच्या नॅशनल सर्किटवर वेलिंग्टन स्ट्रेट नावाचा सरळ भाग आहे आणि त्याच्या शेवटी ब्रुकलँड्स नावाचे डावे वळण आहे. सरावाच्या पाचव्या फेरीत तिथे माझ्या पुढची गाडी अपेक्षेपेक्षा आधी मंदावली, मी दचकलो, आणि दचकलेल्या पायाने आयुष्यभराच्या सवयीने मधले पेडल पूर्ण दाबले. गाडी थांबण्याऐवजी उसळली. पुढच्या गाडीला चुकवून मी सरळ गवतात गेलो, गवत ओले होते, आणि जवळजवळ शंभर पावले घसरून मग गाडी थांबली. गाडीला ओरखडाही नव्हता. माझे पाय मात्र उतरल्यावर बराच वेळ थरथरत होते.

चार फेऱ्या मी बरोबर चालवल्या होत्या, कारण तेव्हा मी विचार करून पाय टाकत होतो. घाबरलेला माणूस विचार करत नाही, त्याचा पाय सवयीच्या जागी जातो. म्हणून सवयच बदलावी लागते. त्या वर्षी घरी आल्यावर मी फणसाच्या लाकडाचे तीन ठोकळे कापले, पडवीत बुटक्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवले आणि मधल्या ठोकळ्यावर लाल रंग लावला. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे पाय लांब करून बसायचे आणि मुलीला म्हणायचे, "बाय, मधेच टाळी वाज." टाळी ऐकली की उजवा पाय लाल ठोकळ्यावरून उचलून उजवीकडच्या ठोकळ्यावर गेला पाहिजे. पहिल्या आठवड्यात दहांपैकी तीन वेळा पाय उचललाच जात नसे, जागच्या जागी दाबला जाई. दीड महिन्याने चूक होईनाशी झाली. शेजारी हसत होते, ते साहजिकच होते. मात्र या काळात रोजची गाडी चालवताना दुप्पट सावध राहावे, कारण गोंधळ उलट दिशेनेही होऊ शकतो; मी सरावानंतर तासभर गाडीला हातच लावत नसे.

दुसरी गोष्ट डबल क्लचची. माझे वडील एसटीत चालक होते आणि रत्नागिरी-कोल्हापूर गाडी त्यांनी बरीच वर्षे चालवली. त्या काळच्या बसच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नसे, त्यामुळे आंबा घाटात खालचा गिअर घेताना ते जे करत, तेच सिल्व्हरस्टोनला करावे लागते. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा म्हणजे इंजिनाचे आरपीएम वाढतात, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर अलगद टाकायचा आणि क्लच सोडायचा. वरचा गिअर घेताना ठोसा द्यायचा नाही, उलट न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचे, म्हणजे आरपीएम उतरतात. ठोसा किती द्यायचा हे कानाला कळते. वडील मला इंजिनाच्या बॉनेटवर बसवून नेत, आणि लहानपणी मी डोळे मिटून कोणता गिअर पडला ते सांगत असे. गिअर बरोबर पडला तर आवाजच होत नाही, दांडा लोण्यात गेल्यासारखा जातो. चुकला तर जो करकर आवाज होतो त्यात दातांचा भुगा तेलात जात असतो. "जोर लावतोस म्हणजे चुकतोस," असे अण्णा, म्हणजे वडील, म्हणत, आणि ते गिअरबद्दलच म्हणत असत.

या सरावासाठी जुनी महिंद्रा सीजे-३बी जीप उत्तम, कारण तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. ती नसेल तर कोणत्याही साध्या गाडीत डबल क्लच करता येतो. गाडीला त्याची गरज नसली तरी पायाला आहे. घाटात सराव करावा तो पहाटे, रिकाम्या रस्त्यावर आणि नेहमीच्या वेगाने. घाटात वेग शिकायचा नाही, फक्त वळणाआधी योग्य गिअर शांतपणे पाडायला शिकायचे.

यानंतरची पायरी म्हणजे ब्रेक दाबत असतानाच त्याच पायाने ॲक्सिलरेटरला ठोसा देणे. ॲक्सिलरेटर मध्ये असलेल्या गाडीत हे उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि टाचेने किंवा पायाच्या डाव्या कडेने ॲक्सिलरेटर असे करावे लागते. प्रत्येक गाडीत पेडलांची उंची आणि अंतर वेगळे असते, तेव्हा गाडीत बसल्यावर इंजिन बंद असतानाच निदान अर्धा तास हे करून पाहावे आणि बूट अरुंद तळव्याचे घ्यावेत.

शनिवारची सकाळ

शर्यतीचा शनिवार-रविवार बहुधा असा जातो: शुक्रवारी गाड्या येतात, शनिवारी सकाळी नोंदणी आणि तपासणी, चालकांना सूचना, मग पंधरा-वीस मिनिटांचा सराव, आणि रविवारी साधारण तेवढ्याच वेळाची शर्यत. तपासनीस परवाना, हेल्मेट, अग्निरोधक ओव्हरऑल आणि गाडी पाहतात. ओव्हरऑलच्या कॉलरवर एफआयएचे ८८५६ हे मानक आणि हेल्मेटच्या आतल्या बाजूला मान्य मानकाचे लेबल असते. कोणते मानक चालते हे त्या शर्यतीच्या नियमपत्रिकेत पाहूनच खरेदी करावी. बऱ्याच युद्धपूर्व गाड्यांना उलटल्यास डोके वाचवणारा लोखंडी कठडा नसतो आणि म्हणून पट्टाही नसतो. हे ज्याला पटत नाही त्याने दुसरी गाडी निवडावी. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडची एक अडचण इथेच सांगतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर हेल्मेटच्या अस्तराला आणि ओव्हरऑलला बुरशी धरते, आणि बुरशी लागलेल्या अस्तराकडे तपासनीस संशयाने पाहतात. हे सामान मी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या घालून ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो.

इंजिन सुरू करण्याचाही एक विधी असतो, आणि मेकॅनिक तो करत असला तरी चालकाने शेजारी उभे राहून पाहावा. थंड इंजिनाला कडक जातीचे स्पार्क प्लग चालत नाहीत, ते तेलाने माखतात. म्हणून अनेक गाड्या मऊ प्लगवर सुरू करून गरम करतात आणि शर्यतीपूर्वी प्लग बदलतात. तेल गरम होईपर्यंत आरपीएम वाढवायचे नाहीत. पाणी लवकर गरम होते आणि तेल उशिरा, त्यामुळे पाण्याचा काटा पाहून समाधान मानू नये.

तेलाचा तो वास मात्र आपल्या घरचा आहे. जुन्या रेसिंग इंजिनांत एरंडेल वापरत, कॅस्ट्रॉल या नावातही कॅस्टर ऑइलच आहे, आणि काही मालक आजही तेच भरतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात त्या आवारात, सगळे तो सुगंध म्हणून हुंगत असतात. मला लहानपणी नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो. एरंडेल खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून कोणत्या गाडीत काय आहे हे विचारल्याशिवाय मापभर तेलही वरून ओतू नये. तीच काळजी इंधनाची. काही गाड्या मिथेनॉलवर चालतात. मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागते, हवेतले पाणी शोषते, आणि पेटले तर भर उन्हात त्याची ज्वाळा डोळ्यांना दिसत नाही. इंधन भरताना चालकाने गाडीत बसू नये.

तारांच्या चाकांना मध्ये एकच मोठा नट असतो, आणि तो तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करतात, कारण लोखंडी हातोडीने त्याचे कान चेपतात. गाडीच्या दोन बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट दिशेचे असतात. घाईत उलट्या दिशेने ठोकला तर नट सैल होतो आणि ठोकणाऱ्याला तो घट्ट झाल्यासारखा वाटतो. ट्रॅकवर जाण्यापूर्वी चारही नटांवर आपण स्वतः एकेक ठोका मारावा आणि आवाज ऐकावा: घट्ट नट खणकन वाजतो, सैल नटाचा आवाज बोदा येतो.

सराव आणि शर्यत

सरावात निदान तीन फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय शर्यतीला पात्र धरत नाहीत, तेव्हा पहिल्या तीन फेऱ्या फक्त पूर्ण करण्यासाठी चालवाव्यात. पहिल्या फेरीत झेंडेवाले कुठे उभे आहेत ते पाहावे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि तुमचा क्रमांक म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे, आत या. लाल म्हणजे शर्यत थांबवली. निळ्या झेंड्याला घाबरून बाजूला झेप घेऊ नये. आपली रेषा धरून ठेवावी आणि कोणत्या बाजूने जावे ते हाताने दाखवावे, बाकीचे मागचा चालक पाहून घेतो.

ड्रमचे ब्रेक पहिल्या फेरीत थंड असतात आणि गाडीला एका बाजूला ओढतात, मग दोन-तीन फेऱ्या चांगले लागतात, आणि वापर अती झाला की तापून विरतात. पेडल दाबले जाते पण गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, लवकर आणि एकदाच दाबावा. घाट उतरताना ट्रकवाले ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाहीत, गिअरवर उतरतात, त्यात इथला अर्धा धडा आला. सराव संपल्यावर चारही ड्रमना हात न लावता जवळ धरून उष्णता पाहावी. एक चाक इतरांपेक्षा फार गरम किंवा गार असेल तर मेकॅनिकला तसे सांगावे, कारण केबलचे ब्रेक शर्यतीपूर्वी पुन्हा जुळवावे लागतात.

वळणात या गाड्या रुळावरून गेल्यासारख्या जात नाहीत. क्रॉसप्लाय टायर (आतले धागे एकमेकांना तिरके छेदणारे जुन्या पद्धतीचे टायर) आधीपासूनच थोडे थोडे घसरतात आणि घसरत असतानाही पकड सोडत नाहीत, त्यामुळे चारही चाके किंचित बाहेर सरकत असतात आणि स्टिअरिंग सतत लहान लहान दुरुस्त्या मागत असते. नवखा माणूस ही घसरण जाणवली की ॲक्सिलरेटर एकदम सोडतो, वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी भोवरा होते. घसरण जाणवली तर पाय तिथेच स्थिर ठेवावा, स्टिअरिंग घसरणीच्या दिशेला थोडे द्यावे आणि वाट पाहावी. अर्धा सेकंद पुरतो. तो अर्धा सेकंद फार मोठा वाटतो, हेही खरे.

पावसाबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको, फक्त एक फरक आहे. कोरड्यात जी रेषा वेगवान असते तिच्यावर वर्षानुवर्षांचे रबर आणि तेल बसून ती गुळगुळीत झालेली असते, त्यामुळे ओल्यात तीच सर्वांत निसरडी ठरते आणि वळणात तिच्या बाहेरून जाणे चांगले. पावसात झाडांखालचा शेवाळलेला पट्टा टाळून आपण खडबडीत कडेने दुचाकी नेतो, तसेच हे आहे. गॉगल पुसायला डाव्या मनगटाला मऊ कापड बांधावे.

शर्यतीच्या सुरुवातीला क्लच दाबून जास्त वेळ उभे राहू नये. न्यूट्रलमध्ये थांबावे आणि इशारा जवळ आला की गिअर टाकावा. पहिल्या वळणात जागा मिळवण्याचा मोह आवरावा. या गाड्यांची चाके उघडी असतात, आणि पुढच्याच्या मागच्या चाकावर आपले पुढचे चाक चढले तर गाडी हवेत जाते. ज्याला ओलांडायचे आहे त्याच्या आरशात आपण दिसतो आहोत याची खात्री सरळ भागातच करावी, आणि वळणाच्या तोंडाशी दोघांपैकी एकाला माघार घ्यायची असेल तर ती आपण घ्यावी. मी दुसऱ्या वर्षी सोळावा सुरू झालो आणि अकरावा आलो. त्या पाच जागांपैकी तीन पुढच्यांच्या गाड्या बिघडल्यामुळे मिळाल्या.

शर्यत संपल्यावर

निकालाच्या झेंड्यानंतरची फेरी संथ चालवावी, म्हणजे ब्रेक आणि तेल गार होत जातात. पॅडॉकमध्ये आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मंद चालू द्यावे, मग इंधनाचा नळ बंद करावा आणि मॅग्नेटोचे (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) बटण बंद आहे ना ते पाहावे, कारण मॅग्नेटो चालू राहिला तर हाताने चाक किंवा इंजिन फिरवणाऱ्याला झटका बसू शकतो. हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या ड्रमवर पट्टे आवळून राहिले तर ड्रम वाकडा होतो. चाकाखाली लाकडाचा तुकडा लावावा. मिथेनॉलवर चाललेली गाडी शेवटी पेट्रोलवर थोडा वेळ चालवून कार्ब्युरेटर धुवून घेतात, नाहीतर आतले ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते. एरंडेलही त्याच दिवशी काढावे, कारण महिनाभर राहिले तर ते राळेसारखे घट्ट होते.

या सगळ्याआधी एक काम मात्र करावे लागते. जुन्या रेसिंग गाड्यांच्या आरपीएमच्या तबकडीवर बहुधा दोन काटे असतात. एक इंजिनाबरोबर फिरतो, आणि दुसरा जिथपर्यंत गेला तिथेच थांबून राहतो. मालक तुमचा निकाल विचारण्याआधी त्या दुसऱ्या काट्याकडे पाहतात. तो आकडा त्यांच्यासमोर वहीत लिहावा, शेजारी तेलाचा दाब आणि कोणत्या वळणात गिअर कठीण गेला ते नोंदवावे, आणि त्यांनी काटा परत शून्यावर आणल्यावर मग हेल्मेट काढावे.